व्हेरिएबलची हद्द

कोबेच्या त्या ऑफिसात पहिले काही महिने मी चाचणीवर होतो. बंदरात येणाऱ्या कंटेनरची मोजदाद ठेवणारे प्रोग्राम आम्ही सांभाळत होतो. मी तिथे राहायचं की कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात परतायचं, हे आमच्या विभागाचे जपानी प्रमुख ठरवणार होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेपासून निघून समुद्रापार आलो होतो. परत जाणं मला परवडणारं नव्हतं.

प्रमुखांचं इंग्रजी मोजकं, माझं जपानी त्याहून मोजकं. पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली माझी पहिली स्क्रिप्ट मी त्यांच्यासमोर चालवली. प्रत्येक जहाजावरचे कंटेनर मोजायचे होते. पहिल्या जहाजाचे दहा आले. दुसऱ्याचे दहा. तिसऱ्याचेही दहाच. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्याला टेकडीएवढं जहाज लागलं होतं.

"दहा?" एवढंच विचारून ते हसले.

चूक ते दाखवतील असं मला वाटलं. त्यांनी माझा कोड छापून आणला, विभागातले सगळे प्रोग्राम जिच्यातला कोड वापरत ती सामायिक फाइलही छापली, आणि रंगीत पेन्सिलींचा डबा पुढे ठेवला. त्यांच्या विभागाची ही पद्धतच होती. प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे कोडमध्ये आकडा साठवणाऱ्या प्रत्येक नावाला, एक रंग द्यायचा. तो व्हेरिएबल जिथे जन्मतो तिथपासून जिथे संपतो तिथपर्यंत समासात रेघ ओढायची.

"काय रे, बालवाडीत घातलं का तुला?" शेजारच्या टेबलावरचे मुंबईकर सहकारी म्हणाले. ते वयानं मोठे, बरीच वर्षं जपानात असलेले.

कॉलेजात मी स्कोपची, म्हणजे व्हेरिएबलच्या हद्दीची, व्याख्या पाठ केली होती, तिचे मार्कही मिळवले होते. स्कोप डोळ्यांनी पाहिला तो त्या कागदांवर. ज्या व्हेरिएबल्सच्या आधी 'माय', म्हणजे 'माझा', हा पर्लमधला शब्द होता, त्यांच्या रेघा आपापल्या महिरपी कंसापाशी गुमान थांबत होत्या. कंटेनर मोजणाऱ्या 'काउंट'च्या आधी मी तो लिहिला नव्हता. त्याच्या लाल रेघेला थांबायला जागाच नव्हती. ती पान ओलांडून सामायिक फाइलमध्ये शिरली. तिथलं एक फंक्शन प्रत्येक ओळीतले रकाने मोजायचं आणि तो आकडाही 'काउंट'मध्येच ठेवायचं, तेही 'माय'शिवाय. म्हणजे दोन काउंट नव्हतेच, एकच होता. दर ओळीला ते फंक्शन त्यात नऊ रकाने लिहायचं आणि माझा कोड त्यात एक मिळवायचा. झाले दहा!

ती सामायिक फाइल प्रमुखांनी स्वतः लिहिलेली होती.

माझ्या काउंटआधी 'माय' लिहिलं आणि आकडे बरोबर आले.

"झालं ना तुझं काम? मग आता गप्प बस," मुंबईकर म्हणाले. "तुझा निकाल ज्याच्या हातात, त्याचीच चूक काढणार आहेस?"

"पण तुम्हीच सांगा, उद्या आणखी कुणी काउंट लिहिला तर?"

"तो उद्या रडेल. तू आधी इथे टिक."

त्यांचं म्हणणं मला पटत होतं. आमच्या शाळेत गुरुजींचं फळ्यावरचं गणित चुकलं तर आम्ही चुकलेलंच उतरवून घ्यायचो. पण लाल रेघ माझ्या पानाच्या तळाशी मुद्दाम तोडायला हात धजेना. ती मी त्यांच्या फाइलमध्येही पूर्ण ओढली आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवले.

ते बोट फिरवत खाली आले. थांबले. पुन्हा वर गेले. मी आपला जमिनीकडे बघत उभा. मग ते मोठ्यानं हसले, खुर्चीतून उठले आणि मला वाकून नमस्कार केला. मला! दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखा सगळा विभाग उभ्यानं जमला, तेव्हा त्यांनी ते पान उंच धरलं. "ही चूक माझी," ते म्हणाले, "यांनी शोधली," आणि माझ्या आडनावाला आदराचं 'सान' लावून माझं नाव घेतलं. आवाजात ओशाळलेपण नव्हतं. हवा कशी आहे ते सांगावं, इतक्या सहज ते बोलले. एवढा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

नंतर मला टेबलाशी बोलावून त्यांनी विचारलं, "माझ्या बाकीच्या जुन्या फाइली रंगवायला किती वेळ लागेल?"

मी भीत भीत म्हणालो, "एखादं वर्ष तरी."

त्यांनी मान डोलावली. "मग तुमच्यासाठी घर बघायला हवं," ते म्हणाले, आणि ते स्टेशनपासून किती लांब असलेलं चालेल, हे विचारू लागले.