नाल्यापलीकडच्या पोरीसाठी पुण्यात खोली

शेलूबाजारच्या फाट्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स यायची होती आणि माझा दोस्त गजानन ज्ञान पाजळत होता. आम्ही दोघेही याच रस्त्यावर जीप चालवतो. तो एकदा पुण्याला जाऊन आला आहे, त्यामुळे पुण्याची मालकी त्याच्याकडे.

"काई टेन्शन घेऊ नोको," तो म्हणाला. "तिथं कोनी कोनाले इचारत नाई, घर नाल्याच्या अल्याड का पल्याड म्हनून."

आमचं घर पल्याड (पलीकडे) आहे. गावात एवढं कळलं की जात विचारायचं काम उरत नाही. माझी पोरगी अश्विनी नर्स झाली आणि पुण्यातल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं, हॉस्टेलात जागा नव्हती, आणि तिथं नातलग तर कोणीच नाही. शनिवार-रविवारात खोली मिळाली नाही तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

सकाळी पुण्यात उतरलो. पोहे मागवले, तर त्यावर खोबरं आणि लिंबाची फोड. तर्री (पोह्यावरचा झणझणीत रस्सा) मागितली, तेव्हा हॉटेलवाल्याने मी रॉकेल मागितल्यासारखं पाहिलं. कोरडे पोहे पाण्यासोबत गिळले.

या लोकांनी जुनं शहर वारांमध्ये वाटलं आहे. सोमवार, बुधवार, शनिवार, प्रत्येक वाराच्या नावाची पेठ. आमच्याकडे वार बाजाराला असतो, इथं पत्त्याला. खोल्या दाखवणाऱ्या एजंटाला सगळी वाटणी तोंडपाठ होती. "पेठांत जुनी माणसं, नदीपलीकडे सोसायट्या, आणि तुमच्याकडचे लोक अजून लांब," तो म्हणाला.

"आमच्याकडचे म्हणजे?"

"विदर्भातले हो."

पेठेतल्या घरमालकीण आजींनी बसायला खुर्ची दिली. "नाइट ड्युटी असते का? आणि मांसाहार?"

"रूमवर नाई करत," अश्विनी म्हणाली.

"पण खाता ना?" आजींचा आवाज इतका गोड होता की तो नकार होता हे जिना उतरल्यावर कळलं.

नदीपलीकडच्या सोसायटीत पाटी होती: घरकामाच्या बायका व सामान, मागची लिफ्ट. वॉचमनने आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता मागं बोट केलं. अश्विनी हसली. मला हसू आलं नाही. जीपमध्ये पुढची सीट कुणाची आणि मागं कोण लटकणार, हे आमच्याकडेही असंच न बोलता ठरतं. वर गेल्यावर घरमालक म्हणाले, एकट्या मुलींना देत नाही. मागच्याच लिफ्टने खाली आलो.

रविवारी दुपारी एजंट आम्हाला शहराच्या पार टोकाला घेऊन गेला. तिथं बघावं तर वऱ्हाडच उतरलेलं. हॉटेलाच्या पाटीवर पाटोडी (रश्श्यातल्या बेसनाच्या वड्या), दुकानासमोर 'काहून बे' ऐकू येत होतं. मला भरून आलं. घरमालकीण काकू आमच्या वाशीम जिल्ह्यातल्याच, कारंज्याकडच्या निघाल्या. अश्विनीचं बोलणं ऐकताच त्यांनी तिचा हात धरला.

"अवो माय, आपल्याच गावाकडची पोरगी! आता कायले फिरता? खोली हायेच वरती. आंधी जेवा."

ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा. काकू आमच्यासोबतच जेवायला बसल्या. भाडं ठरलं, अश्विनीची बॅग वर गेली. ताटं उचलायला ती उठली, तर काकूंनी तिला खाली बसवलं. "राहू दे वं, पाव्हनी हायेस तू."

मग मला म्हणाल्या, "मंग भाऊ, गावात घर कोन्या बाजूले?"

"नाल्याच्या पल्याड," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार? तिथंच तर घर आहे.

काकूंनी आपलं ताट जरा मागं ओढलं. "मले आठवनच नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "ते खोली पुतन्यासाठी ठिवली हाय." आणि उठता उठता, अश्विनीकडे न बघता, "तुमची ताटं तेवढी धुऊन ठिवजा."

माझ्या अंगाची आग झाली. तोंड उघडणार तोच अश्विनीने डोळ्यांनीच गप्प केलं. तिने आमची दोन ताटं उचलली, काकूंचंही उचललं. मोरीत बसून तिन्ही लखलखीत घासली आणि मांडणीवरच्या ताटांत मधेमधे सरकवून दिली. सगळी सारखीच, स्टीलची. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या, पण आता कुठलं ताट कुणाचं हे त्यांच्या देवालाही सांगता आलं नसतं. बॅग घेऊन आम्ही निघालो.

संध्याकाळी कारखान्यांच्या मागं, प्लायवूडने दोन भाग केलेल्या खोलीत एक कॉट मिळाली. सोबतच्या पोरी ओडिशाच्या आणि केरळच्या. त्यांना वाशीम माहीत नव्हतं, आमचा नाला तर नाहीच. त्या अडाणीपणाचे मी आभार मानले.

परत आलो तर गजाननने विचारलं, "कसं हाय पुनं?" मी एवढंच म्हणालो, मोठं आहे. तिथल्या परक्यांनी पोरीचं जेवण विचारलं, ड्युटी विचारली. नाला विचारणारी माणसं तेवढी आपली होती, इथूनच एसटीत बसून गेलेली. हे त्याला फाट्यावर कुठं समजावत बसू?

काही दिवसांनी अश्विनीचा फोन आला. काकूंनी एजंटाकडून तिचा नंबर मिळवला होता. त्यांच्या सासूला घरी सलाईन लावायचं होतं आणि नस सापडत नव्हती.

"तू गेली?" माझा आवाज चढला.

"गेली ना. म्हातारी तडफडून राह्यली व्हती, बाबा."

"अन् काकू?"

"चहा देला. कागदाच्या कपात."

"पेली तू?"

"नाई. तसाच ठिवला." मग ती खुशीत म्हणाली, "पन नस एका दमात सापडली, बाबा. म्हातारीनं माहा हात सोडलाच नाई."

मी 'चांगलं केलं' म्हणालो. मनातून म्हणता आलं नाही.