पहिला चेंडू सोडणारी बाई

पाथरीहून परभणीला जाणाऱ्या एसटीत ती बाई रोज माझ्या पुढच्या सीटवर बसायची. पन्नाशीची, डोक्यावर पदर आणि हातातल्या मोबाईलवर बेसबॉलचा गेम. समोर कुणीतरी अनोळखी ऑनलाइन खेळाडू असायचा. तीन डावांची छोटी मॅच मानवत येण्याआधीच संपायची आणि बहुतेक वेळा तीच जिंकायची. मला हा सट्टाच वाटायचा, म्हणून मी मान लांब करून पाहायचो. पहिल्या चेंडूला ती बॅट कधीच फिरवत नसे.

एकदा न राहवून मी विचारलं, "मावशी, पहिला चेंडू का सोडता?"

मॅच संपल्यावरच ती वळली.

"छोट्या मॅचमधी समदे घाई करतेत. आपण पहिला चेंडू सोडायचा. समोरचा कुठं टाकायलाय ते गप बघायचं, मंग मारायचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमालाबी लय दिवस तसंच बघायलेय. रोज माझ्या खांद्यावरून डोकवायलाव. चोर हाव का पोलीस?"

हा सट्टा आहे का तेवढंच बघत होतो, हे खरं सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या मागच्या सीटवर बसू लागली.