दोर्सिलाच्या खुर्चीवरचा पाहुणा

सरोवराकाठच्या कोबारोच्या किनाऱ्यावर दोर्सिला चौतीस वर्षं म्बुता मासा धुरावर धरत होती. तिच्या हातचा मासा महिनाभर टिकायचा आणि बाजारात बाया तिचं नाव घेऊन मागायच्या. कामात हयगय तिला खपायची नाही. जाळीवरचा तुकडा कुणी वेळेवर उलटला नाही, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. अशा तोंडाळ बाईला पाच वर्षांपूर्वी खोकला लागला आणि तेव्हापासून तिची शिवीसुद्धा अर्ध्यावर तुटायला लागली.

खोकला म्हटलं की आमच्या दवाखान्यात एकच नाव निघतं: क्षय. थुंकी तपासली, जंतू सापडले नाहीत. तरी सहा महिने गोळ्या दिल्या. लघवी लाल झाली, तोंडाची चव गेली, खोकला होता तिथंच राहिला. दोन वर्षांनी पुन्हा तेच. थुंकीत काही नाही, गोळ्या मात्र सहा महिने.

"गोळ्यांनी काय होणार, थोरले?" तिची सवत पेरेस म्हणायची. दोघींचा नवरा कधीच गेला होता, पण भट्ट्या शेजारी शेजारी होत्या आणि भांडण चालूच होतं. "पेरणीत थोरलीनं आधी बी टाकायचं, तो नेम मोडलास तू. पूर्वजांचा कोप आहे हा."

"नेम मोडून खोकला होत असता ना धाकटे, तर तू कधीच खपली असतीस," दोर्सिला म्हणायची आणि मग पाच मिनिटं खोकत बसायची.

इतकं सगळं तिनं रेटलं असतं. पण मागच्या वर्षी सुनेला, रिस्पाला, मुलगी झाली. दोर्सिलाच्या मेलेल्या आईचं नाव ठेवलं, अपोंदी. आमच्यात नाव ठेवलं म्हणजे माणूस घरी परत आलं असंच मानतात. सगळा किनारा त्या बाळाला 'दोर्सिलाची आई' म्हणू लागला. आणि दोर्सिलानं त्या पोरीला एकदाही उचललं नाही. दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, क्षय श्वासातून उडी मारतो, लहान मुलाला तर लगेच धरतो. म्हणून तिचा पेला वेगळा, ताटली वेगळी, झोपायची खोली वेगळी. नातीला बघायचं ते दारातून, तोंडावर पदर घेऊन. बाळ हात पसरायचं आणि ही पाठ फिरवायची.

मुलगा बेटांवर मासेमारीला असायचा. घरात बाळ धरायला दुसरं कोणी नाही. मग रिस्पा बाळ पाठीला बांधायची आणि भट्टीवर उभी राहायची. सहाव्या महिन्यात बाळही खोकायला लागलं. आपणच दिलं हे दुखणं, असं दोर्सिलानं मनाशी पक्कं धरलं, आणि ती दारातूनही बघेनाशी झाली.

त्याच सुमाराला सेलीन संशोधनाची बातमी घेऊन आली. सेलीन म्हणजे आमच्या किनाऱ्याची आरोग्यसेविका, पायात रबरी बूट आणि कानाला कायम फोन. किसुमूच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांना धुरावर काम करणाऱ्या बायकांच्या छातीत काय चाललंय ते बघायचं होतं. सात जणी निवडल्या. प्रत्येकीची छाती मोठ्या यंत्रात बघायची आणि ती कसली हवा ओढते तेही मोजायचं. हवा मोजायला एक लहान पंप होता, अंगात घालायच्या जाकिटाच्या खिशात बसणारा. त्यातून एक नळी गळ्यापाशी यायची आणि नळीच्या तोंडाशी हवा गाळणारा नाण्याएवढा पांढरा कागद असायचा.

"जिथं तुम्ही तिथं हे," सेलीननं सांगितलं. "दोन दिवस. झोपताना उशाशी. कळलं का मावशी?"

"न कळायला मी काय पेरेस आहे?"

कळलं होतंच. पण घरी आल्यावर दोर्सिलानं ते जाकीट हातात धरून पाहिलं. नवंकोरं, निळं, इस्पितळाचं. आत पंप घूं घूं करत होता. परक्याची वस्तू, डॉक्टरांनी विश्वासानं घरी पाठवलेली. हिला धुरात न्यायचं? मासळीचा वास लागला तर? तिच्या घरी कोणी आलं, मग तो पाद्री असो नाहीतर करवसुलीवाला, त्याला बाहेरच्या खोलीत क्रोशाचा रुमाल घातलेल्या खुर्चीवर बसवलं जायचं. त्या खुर्चीवर घरचं माणूस बसत नसे. तिनं जमिनीवर पाणी शिंपडलं, खिडकी उघडली, जाकीट खुर्चीवर नीट टेकवून ठेवलं आणि आपण भट्टीवर गेली. येता जाता डोकावून बघायची, पाहुणा बरा आहे ना. दुसऱ्या दिवशी झाडताना धूळ उडेल म्हणून त्याच्यावर एक धुतलेला रुमालही टाकला.

तीन आठवड्यांनी सेलीन मोजणीचा अहवाल घेऊन आली. "मावशी, कमाल आहे. तुमची हवा सरोवराच्या मधोमध असते तशी आहे."

दोर्सिलाची मान ताठ झाली. पेरेसला ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "घर स्वच्छ ठेवावं लागतं, म्हणून." पेरेस का कोण जाणे, भट्टीतली लाकडं सारायला लागली.

मग किसुमूला जायचा दिवस आला. मटाटूत, म्हणजे भाड्याच्या गाडीत, चार तास कोंबून घेऊन ती आणि सेलीन इस्पितळात पोचल्या. भल्यामोठ्या कड्यासारख्या यंत्रात तिला आडवं केलं. आतून एक आवाज म्हणाला, श्वास घ्या, धरून ठेवा. तिला धरता येईना. दोनदा खोकला आला, तिसऱ्यांदा कसंबसं जमलं.

डॉक्टर चेबेट वयानं तिच्या लेकीएवढी होती. तिनं पडद्यावर छातीचे काप उलगडून दाखवले, पावाचे करावेत तसे एकामागून एक. "या श्वासाच्या नळ्या. इथं बघा, रुंद आहे. आणि इथं एकदम आवळलेली. अशा चार जागा आहेत."

"क्षयानं?"

"क्षय मला असा दिसत नाही, मावशी. अशा नळ्या मी चुलीपुढं आयुष्य काढलेल्या बायकांच्या बघितल्यात. धुरातले बारीक कण नळीच्या आतल्या कातडीत रुतून बसतात. शरीर त्यांना हाकलायला जातं, सूज येते. सूज उतरते, वण राहतो. वणावर वण चढत जातात आणि नळी अरुंद होते." तिनं हवेच्या मोजणीचा कागद पुढं ओढला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पण हा कागद म्हणतो तुमच्याकडे धूरच नाही. एकट्या तुमच्याकडे नाही, तुमच्या अख्ख्या किनाऱ्यावर नाही. मग मी धुराचं नाव कसं घेऊ? हे असंच राहिलं तर क्षय धरूनच चालावं लागेल."

दोर्सिलानं सेलीनकडे पाहिलं. सेलीन फोनमध्ये होती.

"क्षय धरला तर बाळाला घ्यायचं नाही?"

"नाही घ्यायचं."

"आणि धूर असला तर?"

"धुराचं दुखणं एकाचं दुसऱ्याला होत नाही. खुशाल घ्या."

आता काय सांगायचं, त्या क्षणी तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. चौतीस वर्षांची नावाजलेली बाई आणि सांगितलेलं एवढंसं काम नीट केलं नाही म्हणून लेकीच्या वयाच्या पोरीपुढं कबूल करायचं! पण नात एकीकडे आणि अब्रू दुसरीकडे, तिनं फार वेळ तोललं नाही.

"डॉक्टर, ते यंत्र धुरात नव्हतंच."

"मग कुठं होतं?"

"बाहेरच्या खोलीत. खुर्चीवर."

"दोन दिवस?"

"रुमाल टाकून," दोर्सिला म्हणाली. खोटं बोलायचं नाही म्हटल्यावर पूर्णच सांगावं.

सेलीनच्या हातातून फोन पडायचा राहिला. डॉक्टर चेबेट आधी हसली, मग हसता हसता गंभीर झाली. "मावशी, त्या खुर्चीला काही झालेलं नाही, एवढं मात्र आम्ही शोधून काढलं," ती म्हणाली. तिनं थुंकी पुन्हा मागितली, या वेळी नव्या तपासणीसाठी, आणि पंप पुन्हा पाठवायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सेलीननं सातही जणींना होडीच्या सावलीत बसवलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "खरं खरं सांगा. कुणी घातलं होतं ते जाकीट?"

पेरेस लुगड्याची वाळू झटकायला लागली.

"मी नव्हतं घातलं," दोर्सिला म्हणाली. "खुर्चीवर ठेवलं होतं. आता तुम्ही बोला, का माझाच तमाशा करायचाय?"

मग एकेकीचं तोंड उघडलं. एकीनं बशांच्या कपाटात ठेवलं होतं. एकीनं रविवारी चर्चमध्ये घालून नेलं आणि उरलेला वेळ खुंटीला टांगलं. पेरेसनं तर ट्रंकेत कुलूप लावून ठेवलं होतं.

"ट्रंकेत?" दोर्सिला खोकत खोकत ओरडली. "अगं, तिथं हवा कुठली? तुझ्या लुगड्यांचा क्षय मोजायचा होता का त्यांना?"

"तुझ्यासारखं चव्हाट्यावर मांडायचं होतं का? चोरीला गेलं असतं म्हणजे?"

सेलीनसुद्धा हसली तेव्हा. पण पंप पुन्हा वाटताना तिनं प्रत्येकीच्या अंगात जाकीट स्वतः चढवलं आणि दोन दिवस भट्ट्यांवर फेऱ्या मारत राहिली. दोर्सिलानं ते जाकीट एक क्षणही काढलं नाही. पाहुण्याला आपण धुरात उभं केलंय या विचारानं तिला चोरट्यासारखं होत होतं. दोनदा तर तिनं पदरानं त्याच्यावरची राख झटकली.

दुसऱ्या संध्याकाळी उन्हं असतानाच सेलीननं तिच्यासमोर नळीचं तोंड उघडलं आणि चिमट्यानं कागद बाहेर काढला. तो काळा होता. कडेला जिथं नळीनं दाबून धरला होता तेवढीच पांढरी रेघ उरली होती.

"हे सगळं दोन दिवसांचं?"

"दोन दिवसांचं."

चौतीस वर्षांचा हिशेब करायला दोर्सिलाला शिकवावं लागत नव्हतं.

दहा दिवसांनी सेलीन पुन्हा आली. या खेपेला फोन पिशवीत होता. "मावशी, थुंकीत क्षय नाही. डॉक्टर म्हणाल्या, तेव्हाही नव्हता. धूरच आहे. आहे ते वण जायचे नाहीत, पण भट्टीपासून लांब राहिलात तर वाढणार नाहीत. धुराडं असलेल्या भट्ट्यांसाठी त्यांनी लिहून पाठवलंय. केव्हा येतील ते मात्र मला विचारू नका."

दोर्सिला उठली. भट्ट्या चांगल्या पेटल्या होत्या, जाळीवर म्बुताचे तुकडे लावलेले. रिस्पा वाकून तुकडे उलटत होती आणि तिच्या पाठीवर अपोंदी तोंड उघडं टाकून झोपली होती. धूर आधी रिस्पाच्या तोंडावर जाई आणि मग मागं बाळावर. दोर्सिला तिथंच थबकली. गळ्यापाशी नळी नव्हती एवढंच, बाकी ते बाळ दोन दिवस नाही, आठ महिने तिथं होतं. त्या पंपाला आपण खुर्ची दिली, रुमाल दिला, खिडकी उघडून दिली. आणि हिला आपल्यापासून वाचवायचं म्हणून इथं ठेवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते धुरानं आलं नव्हतं.

तिनं सुनेच्या छातीवरची गाठ सोडली.

"आई!" रिस्पा दचकली. "अहो, तुमचा खोकला..."

"माझा खोकला माझ्याकडेच राहतो. डॉक्टरनं सांगितलंय. सोड."

"मग मासळीला हात कोण देणार?" शेजारून पेरेस म्हणाली. "दोघी जणी निघाल्या की काय घरी?"

"तू दे. चौतीस वर्षं माझ्याकडे बघून शिकलीस, आज दाखव."

पेरेस काहीतरी पुटपुटली, पण उठून आली. दोर्सिलानं नातीला छातीशी धरलं. पोर जड होती, तिला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जड. वाऱ्याकडे पाठ करून ती घरापर्यंत चालत गेली, वाटेत दोनदा दम खायला थांबली. बाहेरच्या खोलीत आल्यावर तिनं खिडकी उघडली आणि सरळ जाऊन त्या खुर्चीवर बसली, बाळाला मांडीवर घेऊन.

थोड्या वेळानं पाणी प्यायला आलेली रिस्पा दारातच उभी राहिली. "आई, त्या खुर्चीवर तर तुम्ही घरच्या कुणाला बसू देत नाही."

"पाहुणी आलीय ना," दोर्सिला म्हणाली. "माझी आई आलीय. आठ महिने झाले, मी तिला बस म्हटलं नव्हतं."

बाळ जागं झालं आणि खोकलं. दोर्सिलानं मागचा क्रोशाचा रुमाल ओढून तिचं तोंड पुसलं. रुमालावर काळा डाग उमटला. तिनं घडी घालून डाग आत घेतला आणि दुसऱ्या कोपऱ्यानं पुन्हा पुसलं.