लाल नेलपॉलिशची खूण

गल्लीत सगळे त्यांना मीटरमामा म्हणत. गाडीत डेक आणि स्पीकर बसवणारे बाकीचे दुकानदार गिऱ्हाइकाला आधी आवाज ऐकवत. मीटरमामा आधी मीटर काढत. त्यांचा डावा कान कामातच गेलेला. समोरचा बोलू लागला की ते मान वळवून उजवा कान पुढे करत. "ऐकून सांगणारे पुष्कळ आहेत, मी मोजून सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या सकाळी त्यांच्या दुकानात एक आई आणि तिची लेक आल्या. लेकीची गाडी जुनीच, पण पुढच्या दारांतले दोन मोठे स्पीकर त्याहून जुने, तिच्या वडिलांच्या गाडीतले. वडील गेले, त्यांची गाडी विकली, स्पीकर तेवढे आईने उशीच्या खोळीत गुंडाळून कपाटात ठेवले होते. महिन्यापूर्वी लेकीने ते बसवून घेतले, काचेच्या कोपऱ्यांत दोन नवे बारके स्पीकरही लावले. आणि आता डावीकडून चरचर येत होती. जळका वासही.

"जोरात लावते ना ही," आई म्हणाली. "मी मुद्दाम सगळ्यांत लहान अँप्लिफायर आणला होता. म्हटलं, ताकदच कमी असली की स्पीकरना धोका नको."

"काका, आईने दुकानात काय विचारलं माहितीये? सगळ्यांत अशक्त कोणता."

मामा हसले नाहीत. सीटखाली हात घालून त्यांनी अँप्लिफायर चाचपला. "ताई, घोळ तिथेच झाला."

आई वाकून सीटखाली बघू लागली.

"हे मोठे स्पीकर ऐंशी वॉट सतत पेलतात. याच्या खोक्यावर दोनशे छापलंय, पण सतत देतो तो पंचवीस. इंजिनाच्या आवाजात गाणं ऐकू येईना, म्हणून पोरीने बटण फिरवत नेलं. याच्याकडे द्यायला काही उरलं नाही की सूर फाटतो. तो फाटका सूर स्पीकरच्या आतली तार तापवतो, जाळतो. आधी बारका जातो, मग मोठ्याची पाळी." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला तारेचं एक काळंठिक्कर वेटोळं टांगलेलं होतं. "माझ्या हातून जळलेलं पहिलं. एका टॅक्सीवाल्याचे कोरे स्पीकर. मीही तुमच्यासारखाच विचार केला होता. त्या दिवसापासून मीटर खिशात."

दुसऱ्या कुणी आईला धारेवर धरलं असतं. या माणसाने स्वतःची चूक तिच्या चुकीच्या शेजारी आणून ठेवली. तिला जरा धीर आला. "मग हा मोठा गेला का?" तिने विचारलं.

मामांनी दाराचं आवरण सोडवून स्पीकर बाहेर काढला. मागच्या चुंबकावर निळ्या शाईत वडिलांच्या हातचं लिहिलेलं होतं, 'डावा'. 'डा'चा काना जरा लांबलेला. मामांनी ते वाचलं, आईकडे पाहिलं आणि काही न विचारता आधी हात पुसून घेतले. मग कागदी पडद्यावर चार बोटं ठेवून तो अलगद आत दाबला, सोडला. पुन्हा दाबला. कान नव्हे, बोटं ऐकत होती.

"घासत नाही." त्यांनी मीटरची टोकं लावली. "साडेतीन. चार ओहमचा स्पीकर मीटरवर एवढंच दाखवतो. हा धडधाकट आहे, ताई. चरचर होती ती वरच्या बारक्याची. तो गेला, पण तो काय, कुठेही मिळतो."

आई बाकावर टेकली. मघापासून उभी होती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

दुपारपर्यंत मामांनी नवा बारका स्पीकर आणि पंचाहत्तर वॉटचा अँप्लिफायर बसवला. लहान वाया गेला नाही. मागच्या दारांतल्या चिमुकल्या स्पीकरना तो नेमका पुरला. डेकचा आवाज चोवीसवर ठेवून, मीटरकडे बघत त्यांनी अँप्लिफायरचा जोर ठरवणारा स्क्रू केसाकेसाने फिरवला, आणि डब्यातून नेलपॉलिशची बाटली काढून त्यावर लाल ठिपका दिला.

"स्क्रू या ठिपक्यावरून हलवायचा नाही. डेक चोवीसच्या पुढे न्यायचा नाही. मग खुशाल ऐक."

"काका, नेलपॉलिश तुमचं?" लेकीला राहवलं नाही.

"बायकोचं. म्हणते, माझ्या नखांना लागलं नाही तेवढं तुमच्या गाड्यांना लागलं."

परतताना लेकीने गाणं बारीक लावलं. आईने स्वतः हात पुढे करून बटण फिरवलं. वीस, बावीस, चोवीस. डाव्या दारातून आवाज आला, स्वच्छ, भरलेला. नवऱ्याच्या गाडीत ती नेहमी याच बाजूला बसायची आणि 'कमी करा हो' म्हणायची. आज तिने बटण चोवीसवरच राहू दिलं. लेकीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच दुकानात गेली. मामा एका गाडीखाली आडवे होते. तिने त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन, वाकून हाक मारली आणि ते बाहेर आल्यावर एक छोटी पुडी हातात दिली.

मामांनी उघडून पाहिलं. लाल नेलपॉलिश, कोरी बाटली.

"ही वहिनींसाठी," ती म्हणाली. "गाड्यांना लावायची नाही."