तयार कपड्यांचे जुने निरोप

घरात तिला थोरली म्हणत. अर्धं आयुष्य तिनं कंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहिले. घरून काम सुरू केल्यावर धाकट्या दिराच्या शिंप्याच्या दुकानालाही एक लिहून दिला. दिराचा हात कात्रीवर बसलेला, पण कोणाचा कोट कुठवर आला हे विचारलं की तो डोकं खाजवी.

बहुतेक प्रोग्रॅम कपड्याची आजची अवस्था तेवढी ठेवतात; नवी आली की जुनी पुसली. थोरलीला या पुसापुशीचा तिटकारा. तिच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कपडा म्हणजे एक ऑब्जेक्ट, स्वतःची नोंद असलेली वस्तू, आणि त्याच्या बाबतीत जे जे घडलं ते ओळीनं साठत जाई: माप घेतलं, कापड कापलं, ट्रायल झाली, बाही उसवली, तयार झाला, गिऱ्हाइकानं नेला. कोट आज कुठे आहे हे हवं असलं, की त्या घटना पहिल्यापासून त्याला ऐकवायच्या. ऐकता ऐकता तो बदलत जाई आणि शेवटी आपला ठावठिकाणा सांगे.

एका दुपारी दीर म्हणाला, "वहिनी, काम नेमकं कुठे अडतं ते कळेल का?"

"न कळायला काय झालं? सगळं साठलेलंच आहे की!" थोरली ऐटीत म्हणाली. कुठे किती वेळ गेला ते शोधायला या वेळी तिनं जुन्या घटना एकट्या कपड्याला न ऐकवता साऱ्या प्रोग्रॅमलाच ऐकवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, हातातलं टाका आणि या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही."

दुकान माणसांनी भरलं होतं. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर एकच निरोप: तुमचा कपडा तयार आहे, घेऊन जा. प्रोग्रॅममधला गिऱ्हाइकांना निरोप धाडणारा भागही कान लावून बसलेला होता. घटना आज घडतेय की जुनीच पुन्हा ऐकवली जातेय, हे त्याला सांगायचं थोरलीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हे शाळेतले मास्तर बघा," दीर तडकला. "यांना म्हणे पॅन्ट तयार आहे. ती घालूनच आलेत!"

"भावोजी, चूक माझी."

"ते राहू द्या. मला साधं द्या काहीतरी. आज आहे तेवढं दाखवणारं. हे मागचं सगळं काढून टाका."

 इतक्या कपड्यांची हकिगत एका सकाळच्या गोंधळापायी जाणार! थोरली गल्ल्यामागच्या स्टुलावर लॅपटॉप उघडून बसली आणि एकेकाचं नाव विचारून त्याच्या कपड्याची ओळ बघू लागली. नेला. नेला. हाही नेला. ती माफी मागत होती, लोक हसत, कुरकुरत परतत होते.

शेवटी एक पोट सुटलेले कारकून उरले. त्यांच्या कोटाची ओळ 'तयार झाला' इथेच थांबली होती. तेव्हाचा निरोप जुन्या नंबरावर गेलेला; नवा नंबर त्यांनी नंतर कळवला होता.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात," कारकून म्हणाले.

धाकटीनं दुसरं स्टूल ओढून वरच्या फळीवरून कोट काढला, झटकला. कारकुनांनी तो चढवला. बटणं काही केल्या काजांपर्यंत पोचेनात.

"शिवण आटली वाटतं," ते म्हणाले.

"कोट आहे तेवढाच आहे, दादा," धाकटी म्हणाली. "तुम्ही सुखात आहात."

कारकून सगळ्यांत मोठ्यानं हसले. दिरानं गळ्यातली टेप काढून त्यांच्या कमरेभोवती फिरवली. कोटाच्या शिवणींत कापड भरपूर सोडलेलं होतं. त्याचा चेहरा निवळला.

"वहिनी, ते 'तयार झाला' तेवढं पुसा."

"का पुसायचं? झाला होता तयार, खोटं का आहे ते? त्याच्यापुढे लिहा."

 दीर ते दुसरं स्टूल लॅपटॉपपुढे ओढून एका बोटानं अक्षरं शोधू लागला: 'कमरेत सैल करायला घेतला.'

"बरोबर?"

"अगदी."

"मग राहू द्या हे," तो स्क्रीनकडे बघत पुटपुटला. "फक्त त्या निरोप्याला आवरा."

थोरलीनं तिथेच, इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर काम मांडलं. निरोप धाडणारा भाग तिनं वेगळा काढला: नवं घडलं तरच त्यानं ऐकायचं, जुनं ऐकवताना त्याला बोलवायचंच नाही. धाकटीनं न विचारता चहा आणून ठेवला, आणि शेजारच्या मशीनपाशी बसून कारकुनांचा कोट उसवायला घेतला.