कुंकवाखालचा आकडा
ओल्या कुंकवाचा वास आला की संत तुकाराम नगरातली ती दिवाळी आठवते. पावसाळ्यात ह्यांच्या कंपनीच्या गेटवरच्या लॉटरीवाल्याकडे कुणी फिरकत नसे. बोनस झाला की मात्र बंपरच्या तिकिटांवर अख्ख्या शिफ्टची झुंबड उडायची. ह्यांनीही एक आणलं. लक्ष्मीपूजनात मी त्यावर कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट टेकवलं. निकाल आला त्या सकाळी पेपर धरून हे ओरडले, "अगं, सगळे आकडे जुळले! शेवटचा तेवढा तुझ्या कुंकवाखाली गेलाय." ह्यांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि मी "अहो, थांबा!" म्हणेपर्यंत खसाखसा घासलंसुद्धा. आकड्याच्या जागी भोक पडलं, आणि त्यातून ह्यांचा लाल अंगठा दिसत होता. दिवाळीचं तिकीट हे अजून आणतात. पूजेत ठेवण्याआधी आकडा मी पाठ करते.