सुजल्या गालाने पाहिलेलं आरे-वारे

गणपतीपुळ्याला जायचं ठरलं ते ताईसाठी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वय सहासष्ट, राहायला गडहिंग्लजला. तिच्या सासूबाई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या आणि ताई त्यांच्या खोलीला. लग्नाला गेली तर अक्षता टाकून परत, माहेरी आली तर संध्याकाळच्या गाडीने परत. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर मी फोनवर विचारलं, "आता कुठे जायचंय तुला?" मला वाटलं काशी म्हणेल. ती म्हणाली, "समुद्र बघायचाय. आजवर बघितलाच नाही मी."

सहासष्टाव्या वर्षी पहिला समुद्र. मी त्याच दिवशी खोली ठरवली आणि फेब्रुवारीतले चार दिवस पक्के केले. थंडी ओसरलेली असते, आंब्याला मोहोर असतो आणि मे महिन्याची गर्दी नसते. जाणार असाल तर हेच दिवस धरा.

आता माझ्या दाढेची हकीकत, कारण तिच्याशिवाय ही सहल सांगताच येणार नाही. निघायच्या तीन आठवडे आधी खालची उजवी दाढ ठणकली. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी ती थोडी साफ करून तात्पुरती बुजवली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. दोन दिवसांत ठणका थांबला. मी गोळ्याही थांबवल्या. उरलेल्या गोळ्या एका स्टीलच्या डबीत जपून ठेवल्या, कारण चांगलं औषध वाया घालवायचं नाही हे आमच्या घरचं वळण. पुढच्या आठवड्यातलं जाणं मी सहलीनंतरवर ढकललं. हा शहाणपणा पुढे चांगलाच अंगाशी आला.

पहिला दिवस. कोल्हापूरहून सकाळची थेट गणपतीपुळ्याची एसटी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एका तिकिटात दोघींचा प्रवास झाला. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, आणि हातखंब्याच्या पुढे निवळीला गाडी आत वळते. पाच तास धरून चला, हातखंब्याच्या आसपास रस्त्याचं काम चालू होतं. ताई खिडकीशी बसली होती आणि वाटेतली प्रत्येक पाटी वाचून दाखवत होती. आंबा गावात गाडी चहाला थांबली. पहिलाच घोट घेतला आणि दाढेतून कळ निघाली ती थेट कानात गेली.

"काय झालं गं वंदे?"

"काही नाही, जीभ पोळली."

हे पहिलं खोटं. मनात म्हटलं, अकरा वर्षं दुखणं काढलेल्या बाईला पहिल्या सहलीत तरी दुखण्याचं नाव ऐकवायचं नाही. घाट उतरताना ती दरीकडे बघत होती आणि मी दाढेखाली लवंग धरून बसले होते.

आमची खोली शेवंतीबाईंकडे होती, देवळापासून चालत दहा मिनिटांवर, माडांच्या वाडीत. बाराशे रुपये रोज, जेवणाचे वेगळे. नवरा जयगडला बोटीवर असतो. त्या स्वतः पहाटे जाऊन मासळी घेतात, घरोघर विकतात आणि नऊला परत येऊन आमच्यासारख्या पाहुण्यांचं बघतात. बोलणं मोजकं, हात सढळ. दोनच खोल्या आहेत, तेव्हा शनिवार-रविवारसाठी आधी फोन करावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच देवळात गेलो. रांग नव्हती. इथली प्रदक्षिणा देवळाला नसते, मागच्या अख्ख्या टेकडीला असते, कारण टेकडीच देव मानतात. किलोमीटरभराची फरसबंदी वाट आहे. दहाच्या आत करून टाका, नंतर पाय भाजतात. मी चालले खरी, पण प्रत्येक पावलागणिक दाढ आपली हजेरी लावत होती. बाहेर आल्यावर ताईने उकडीचे मोदक घेतले. मी डाव्या बाजूने एक कसाबसा संपवला आणि पोट भरल्याचं सांगितलं. माझं पोट एका मोदकात भरतं यावर आमच्या घरातलं कुणी विश्वास ठेवणार नाही. ताई काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं आपलं नाटक छान वठलंय.

मग ती वाळूत बसली. समुद्राकडे तोंड करून, पाय लांब करून. दुपारी जेवायला उठली तेवढीच, पुन्हा येऊन बसली ती सूर्य बुडेपर्यंत. मध्येच म्हणाली, "हा थांबतच नाही गं." बस, एवढंच. इथलं पाणी ओढतं, गुडघ्यापलीकडे जाऊ नये, जीवरक्षक शिट्ट्या मारत असतात. ती तर पाण्यात गेलीसुद्धा नाही. नुसतं बघून पोट भरत होती.

मी तोवर खोलीवर जाऊन डबीतल्या गोळ्या घेत होते. त्याच्या जोडीला दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. किती घेतल्या ते इथे लिहीत नाही, वाचून कुणी तसं करायला नको. आणि गरम पाण्यात टॉवेल पिळून गाल शेकत होते. ताईला सांगितलं, कान ठणकतोय, वारा लागला असेल.

तिसरा दिवस रविवार. सकाळी आरशात बघितलं तर उजवा गाल खाली हनुवटीपर्यंत सुजलेला. अंगात कणकण, तोंड उघडेना. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ताईने एकदा बघितलं, कपाळाला हात लावला आणि पाणी तापवायला गेली. मी ओटीवर गरम टॉवेल गालाला लावून बसले होते, तेवढ्यात शेवंतीबाई टोपली घेऊन आल्या.

"शेकताव कशाला?"

"बरं वाटतं," मी दातांतल्या दातांत म्हटलं.

"घटकाभर बरा वाटंल, मगे दुप्पट सुजंल. बगू."

त्यांनी हात धुतले, माझ्यासमोर बसल्या आणि जबड्याच्या खाली अंगठा दाबला. चांगला दाबला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग अंगठा काढून त्या नुसत्या बघत राहिल्या. ताईही वाकून बघायला लागली. गालावर पडलेला खळगा भरून येत नव्हता.

"मासा घेताना आमी असाच बगतो," शेवंतीबाई म्हणाल्या. "बोट दाबला नि खळगा ऱ्हायला, तर तो मासा आमी उचलत नाय. वरून कसा पण दिसू दे, आतून गेलेला असतो. तुमच्या गालाची गत तीच हाय."

"मी काय बांगडा आहे?"

"बांगडा असताव तर टाकून दिला असता. उठा, आताच्या आता डॉक्टरकडे जायाचा."

टॉवेल त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. मासळीच्या पेटीतला बर्फ पिशवीत भरला, पंच्यात गुंडाळला आणि गालाला लावायला दिला. पंच्याला बोंबलाचा वास होता. त्या क्षणी अत्तरापेक्षा बरा वाटला. रविवारी दवाखाने बंद असतात हे मी खुणेने सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांनी फोन लावलेलाही होता. रत्नागिरीतल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या आईला त्या वर्षानुवर्षं मासे देतात. "अकरा वाजता उघडते म्हणाली," फोन ठेवत त्यांनी सांगितलं. शेजारचा दिनेश रिक्षा घेऊन दारात आला. जाऊन-येऊन, तिथे थांबून नऊशे रुपये ठरले.

रत्नागिरीचा किनाऱ्याचा रस्ता आरे-वाऱ्यावरून जातो. चढावर एका वळणाला खाली दोन पांढरे किनारे एकदम दिसतात. मी फोटोंत पाहिलं होतं, ताईला तेच दाखवायचं ठरवून आणलं होतं. दिनेशने वेगही कमी केला. ताईने मान वळवली नाही. ती माझ्या गालावरचा बर्फ धरून बसली होती आणि माझा श्वास मोजत होती, सासूबाईंचा मोजायची तसा. मला दाढेचं वाईट वाटलं नाही तेवढं त्याचं वाटलं.

डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. घरच्याच कपड्यांवर कोट चढवलेला. त्यांनीही गालावर अंगठा दाबला, तसाच. मग विचारलं, कुठली औषधं घेतली? मी मोठ्या भरवशाने डबी पुढे केली. त्यांनी उरलेल्या गोळ्या मोजल्या.

"पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांत का थांबवलात?"

"बरं वाटलं म्हणून."

"त्या दोन दिवसांत जंतू मेले नाहीत, नुसते दबले. आणि परत दोन-चार गोळ्यांनी काही होत नसतं." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "सूज अजून गळ्याकडे उतरलेली नाही. उद्या आला असतात तर मी हात लावला नसता, थेट सिव्हिलला पाठवलं असतं. गिळायला त्रास, श्वासाला त्रास, अशी वेळ आली असती."

ताईने माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. सुजलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही, दोनदा द्यावं लागलं. पू काढला आणि दाढ वाचवण्यासारखी नव्हती म्हणून तीही काढली. दुखलं. भरपूर दुखलं. पण पू मोकळा झाला त्या क्षणी तीन दिवसांचा तो आतला दाब सुटला आणि मी खुर्चीत हसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं हसणारा पेशंट पहिल्यांदाच बघतेय. नव्या गोळ्या लिहून दिल्या, पूर्ण घ्यायचं वचन घेतलं, अर्धा तास तिथेच बसवून ठेवलं. "कापूस घट्ट दाबून धरा. तासभर बोलायचं नाही." रविवारची फी नेहमीइतकीच घेतली.

परतताना आरे-वाऱ्याच्या उतारावर दिनेशने रिक्षा बाजूला घेतली. "मावशी, आता तरी बगताव काय?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, जा. दिनेश म्हणाला, "ओहोटी हाय, मी हाय जवळ, काय भ्या नाय." ती चपला रिक्षात ठेवून खाली उतरली.

मी बर्फ गालाला लावून वरून बघत होते. ती ओल्या वाळूपर्यंत गेली, थांबली, मग पाण्यात पाय घातला. एरवी मी इथून ओरडले असते. साडी भिजेल, पुढे जाऊ नको, फोटो काढायचाय इकडे बघ. माझ्या तोंडात कापूस होता. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत. तिने साडी वर धरली आणि नंतर सोडून दिली. वीस मिनिटं तिला कुणी हाक मारली नाही आणि तिने मागे वळून बघितलं नाही. मी रडत होते. दुखत होतं म्हणूनही, खोटं कशाला सांगू.

चौथा दिवस शेवंतीबाईंच्या ओटीवर गेला. माझ्यासाठी उकड्या तांदळाची कोमट पेज, मीठ आणि तुपाचा थेंब. ताईसाठी तळलेली सुरमई आणि सोलकढी, जी मी फक्त नजरेने खाल्ली. सूज उतरत गेली. रत्नागिरीतलं दीपगृह, थिबा राजवाडा, मांडवीचा किनारा, यातलं काही बघितलं नाही. तुम्ही बघा. निघताना मी शेवंतीबाईंचे हात हातात घेतले. त्या म्हणाल्या, "परत येवा. दात सगळे घेऊन येवा." पाचव्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही घाट चढलो.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. गोळ्या शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या. दाढेच्या जागी खड्डा आहे, जीभ सारखी तिथे जाते. प्रवासाला निघण्याआधी दाताचं काम पुरं करा, हे सांगायलाच खरं तर हा लेख लिहायला घेतला होता. अर्धा लिहून झाला होता आणि काल ताईचा फोन आला.

इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी फोन ठेवेना. मग म्हणाली, "वंदे, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"बोल की."

"तुझी दाढ दुखतेय हे मला त्या मोदकांच्या वेळीच कळलं होतं. अकरा वर्षं दुखणेकऱ्याचं तोंड बघत काढली मी, मला कान सांगतेस? तेव्हाच तुला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. पण समोर समुद्र होता गं. म्हटलं, एवढा एक दिवस बघून घेते, उद्या विचारीन. एका रात्रीत इतकं वाढेल असं वाटलं नाही. ती डॉक्टरीण सिव्हिलचं बोलली तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही."

पंधरा दिवस ती हे मनात घेऊन बसली होती. मी रागावून बघितलं, जमेना. अकरा वर्षांत या बाईने स्वतःसाठी एक दुपार मागितली नव्हती. आता एकच दिवस घेतला होता, आणि त्याचीही चोरी वाटत होती तिला.

"ताई, बरं केलंस," मी म्हटलं.

पलीकडून बारीक आवाजात, "खरंच?"

"खरंच. आणि पुढच्या वेळी दोन दिवस घे."